ताईच्या पायावरची खळी

"दाब," ताई म्हणाली.

मी तिच्या नडगीवर अंगठा रोवला, जोर लावला आणि उचलला. अंगठ्याच्या जागी गोल खळी पडली होती, गोऱ्या बाळांच्या गालाला पडते तशी. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहा म्हणेपर्यंत खळी भरून आली आणि पाय पुन्हा तुळतुळीत झाला.

"काल पाच होते."

"म्हणजे आज मी जिंकले," ताई म्हणाली. हसायला गेली आणि टाके ओढले तसा तिनं ओठ चावला.

ताईला मुलगी होऊन त्या दिवशी पाच दिवस झाले होते. तालुक्याच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं, थेट मधल्या खोलीत बाजेवर निजवलं, आणि चौथ्या दिवशी दुपारी मी तिचे पाय चेपत असताना या खेळाचा शोध लागला. शोध माझाच. मी तेव्हा सहावीत होते. आज दहावीत आहे आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत माईक सोडत नाही म्हणून बाई मला स्टेजवरून हाताला धरून खाली आणतात. पण तेव्हाची मी मोठ्या माणसांपुढे तोंड उघडायची नाही. जे काय बोलायचे ते ताईशी. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि घरात माझं पूर्ण वाक्य ऐकून घेणारं एकमेव माणूस.

बार्शीकडचा एप्रिल कसा असतो ते तिकडच्यांनाच माहीत. बाहेर पत्रा तापून तडतड वाजायचा आणि आत ताईच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. खिडकीच्या फटीत गोधडी कोंबलेली, दाराला जाड पडदा, ताईच्या डोक्याला आणि कानांना फडकं घट्ट बांधलेलं. वारा लागू द्यायचा नाही. ओवा आणि बाळंतशेपाच्या धुरानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. ताईच्या डोळ्यांतूनही यायचं, पण ते धुरानंच असेल असं मी धरून चालले होते.

या खोलीची मालकीण होती भागाआत्या. पप्पांची आत्या, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. भावकीत कुणाचंही बाळंतपण असलं की हिला गाडी पाठवायची. सत्तावन्न बाळंतिणी आपल्या हातानं न्हाऊमाखू घालून उभ्या केल्या, असं ती स्वतः सांगायची आणि दर वेळी आकडा बरोबर सांगायची. ताई अठ्ठावन्नावी. सकाळी ती ताईला कढत पाण्यानं अशी अंघोळ घालायची की ताईचं ओरडणं मला शाळेच्या वाटेपर्यंत ऐकू यायचं. मग पोट जुन्या लुगड्यानं आवळायचं, मग शेक, मग तुपात बुडालेला डिंकाचा लाडू. पाणी मात्र दिवसाला दोन वाट्या, तेही उकळलेलं. जास्त प्यायलं की पोट सुटतं म्हणे. मी माझ्या शाळेच्या बाटलीतून चोरून पाणी न्यायचे. ताई ती बाटली दोन्ही हातांनी धरून अशी प्यायची, की मला बघवायचं नाही.

दहा दिवस सुवेर होतं. त्या खोलीत भागाआत्या आणि आई सोडून कुणी जायचं नाही. मी जायचे, कारण मी अजून 'शहाणी' झाले नव्हते, त्यामुळे माझा विटाळ कुणाला नाही आणि कुणाचा मला नाही. पप्पा तर उंबऱ्याच्या आतही यायचे नाहीत. दवाखान्यातून येताना सिस्टरनं जे काय समजावलं ते पप्पांनाच, कारण फाइल त्यांच्या हातात होती. घरी आल्यावर ते पडद्याबाहेरूनच म्हणाले होते, "आत्या, ऐकलं का, सिस्टरनी काय काय लिहून दिलंय. गोळ्या पण आहेत."

"काय लिहून देतीय ती पोर," भागाआत्या आतून म्हणाली, "तिचं तरी झालंय का एखादं?"

फाइल कपाटावर गेली, लग्नाच्या अल्बमवर. गोळ्या देव्हाऱ्याच्या खणात गेल्या. इंग्रजी औषध गरम पडतं आणि दूध आटवतं, म्हणून.

ताईचं दूध तसंही धड येत नव्हतं. आलं तेव्हा दोन्ही बाजूंना दगड झाले. बाळ ओढायचं तेव्हा ताई माझं मनगट असं पिळायची की तिथं वळ उठायचा. एकदा पाजून झाल्यावर बाळाच्या ओठांवर रक्त दिसलं. मी किंचाळणार होते. ताई म्हणाली, "माझंय ते. गप." मग छताकडं बघत म्हणाली, "प्रांजल, हे असलं कुणीच सांगितलं नव्हतं गं. ओटीभरणाला चाळीस बायका आल्या होत्या. एकीनं तरी सांगायचं की."

त्याच संध्याकाळी पाचवी पुजली. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवतात. कागद माझ्या गणिताच्या वहीतला होता, पेनही माझंच. सकाळी उठल्या उठल्या मी बघितलं. कागद कोरा. मला जरा राग आला. चांगला एकरेघी कागद फुकट गेला. मी तो उचलला आणि त्यावर आमच्या खेळाचे आकडे लिहिले. चौथा दिवस, पाच. पाचवा दिवस, सहा. दुपारी अंगठा दाबून झाल्यावर खाली लिहिलं, सहावा दिवस, नऊ. मग घडी घालून बाजेच्या गादीखाली ठेवला.

सातव्या दिवशी चौदा आले.

"तोंड बघ पोरीचं," भागाआत्या आईला म्हणत होती, "कसं भरलंय. सातव्या दिवशी एवढं तेज मी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. तूप मानवलं."

खरंच ताईचा चेहरा भरला होता. डोळ्यांच्या खाली पाव फुगतो तसं फुगलं होतं. पायाचे घोटे दिसायचे बंद झाले होते. बाहेरून, लांबून बघणाऱ्या बायका पडद्याच्या कडेनं डोकवायच्या आणि म्हणायच्या, "बाई बाई, माहेर बघावं तर असं." आई लाजायची. गेल्या वर्षभरात मी तिला एवढं खुशीत बघितलं नव्हतं.

त्याला कारण होतं. ताईच्या सासूला हे बाळंतपण त्यांच्याकडं करायचं होतं. "तुझ्या आईला जमायचं नाही," असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि ताईनंही चारचौघांत उत्तर दिलं होतं, "माझी आईच करेल." आता बाराव्या दिवशी बारसं. सासरचे सगळे येणार. दीडशे पानं उठणार. आई रात्रंदिवस एकच वाक्य बोलत होती, "एकदा बारसं नीट होऊ दे."

आठव्या दिवशी मी शाळेतून आले तर ताई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"दाबू?"

"थांब. डोकं ठणकतंय. पडदा ओढ आधी."

पडदा ओढलेलाच होता. मी तसं सांगितलं. ती माझ्याकडं वळली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"तुला चार वेण्या आहेत का गं?"

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय. मी दोन्ही वेण्या धरून हलवल्या. "मोज."

"चारच आहेत," ती म्हणाली, आणि ती हसत नव्हती.

खळी तेवीस मोजेपर्यंत राहिली. मी आकडा लिहिला आणि म्हणाले, "मी आईला सांगते."

तिनं माझा हात पकडला. तिची बोटं जाड झाली होती, हात परक्याचा वाटला. "काय सांगशील? डोकं दुखतंय म्हणून? भागाआत्या आणखी एक फडकं बांधेल. नाहीतर दवाखान्यात नेतील, आणि सासूबाईंना काय पाहिजे? म्हणतील, बघा, सांगितलं होतं. आईला जन्मभर ऐकवतील. चार दिवस राहिलेत. बारसं झालं की मी स्वतः सांगते."

"आणि जास्त दुखलं तर?"

"बाळाच्या डोक्यावर हात ठेव," ताई म्हणाली. "ठेव. शपथ घे, बारशापर्यंत कुणाला काही सांगणार नाही."

बाळ माझ्या शेजारी झोपलं होतं. टाळू उडत होती, वर खाली, वर खाली. मी तिथं तळहात ठेवला. त्या वयात मला भुताची भीती नव्हती, पण शपथेची होती. शपथ तुटली की ज्याची घेतली त्याचं काहीतरी होतं, हे आमच्या वर्गातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या हाताखालचं ते मऊ उडणारं डोकं बघून मी मनातल्या मनात तोंड शिवून घेतलं.

नवव्या दिवशी एकतीस. ताईनं स्वतः "दाब" म्हटलं नाही. मीच पाय मांडीवर घेतला. तो पाय उशीसारखा जड होता.

दहाव्या दिवशी ताई म्हणाली, "ती कोण उभी आहे खिडकीत?"

खिडकीत गोधडी कोंबलेली होती. बाहेरचा उजेडसुद्धा आत येत नव्हता.

"कुणी नाही, ताई."

"आहे की. मघापासून चमकतंय तिथं काहीतरी. कडाकडानं."

माझ्या अंगावर काटा आला. पाचवीला कोरा राहिलेला कागद आठवला. मला वाटलं, सटवाई त्या दिवशी आलीच नव्हती, आज उशिरा आली आहे, आणि तिचा कागद तर मी खराब करून ठेवलाय. मी गादीखालून कागद काढला आणि परकराच्या खिशात घातला. अंगठा दाबला. चाळीस झाले तरी खळी तशीच होती. एकेचाळीसला मी मोजायचं सोडलं. त्या दिवशी जेवताना मला घास गिळेना. आई म्हणाली, "ऊन लागलंय हिला," आणि कांदा ठेचून माझ्या तळपायांना चोळला. मी तिच्याकडं बघत होते. तोंडात शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मधल्या खोलीतून बाळ रडलं आणि मी दात मिटले.

अकराव्या दिवशी सुवेर फिटलं. खोली सारवून घेतली, ताईला नवी साडी नेसवून पाटावर बसवलं, आणि दुपारी जैनबमावशी आल्या. बारशाच्या आधी बाळंतिणीला हिरव्या बांगड्या भरतात. जैनबमावशी आमच्या पेठेतल्या मणियारीण, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायच्या. मला त्यांचे हात बघायला फार आवडायचं. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायच्या, इकडचं तिकडचं बोलत अंगठ्याखालचं हाड अलगद दाबायच्या, आणि बोलणं संपायच्या आत बांगड्या मनगटात असायच्या. गावातल्या प्रत्येकीचं माप त्यांना तोंडपाठ.

"ये गं माझी दोन-चार," त्या ताईला म्हणाल्या. ओटीभरणाला त्यांनीच ताईला दोन-चारच्या मापाच्या बांगड्या भरल्या होत्या. "बघू माझ्या लेकीचा हात."

बाळ माझ्या मांडीवर होतं. आई ताटात खण-नारळ मांडत होती. भागाआत्या बाजेच्या कडेला टेकून कौतुक ऐकायच्या तयारीत बसली होती.

दोन-चारची बोटांतच अडकली. मावशींनी दोन-सहाची घेतली. ती पेरांपाशी थांबली.

"तूप लागलंय अंगाला," भागाआत्या म्हणाली. "मोठ्या काढ."

मावशींनी दोन-आठची काढली. हात दाबला, बांगडी सरकवली, आणि टचकन आवाज झाला. हिरवे तुकडे पाटावर सांडले.

"वाढली, वाढली," आई घाईनं म्हणाली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. भागाआत्यानं पटकन तुकडे गोळा केले, हळदीकुंकू वाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेतलं. दोघी त्या तुकड्यांकडं बघत होत्या. काच लागून ताईच्या हातावर रक्ताचा थेंब आला होता, तिकडंही त्यांचं लक्ष नव्हतं.

जैनबमावशी मात्र हाताकडं बघत होत्या. त्यांनी जिथं हात धरला होता, तिथं त्यांच्या चारही बोटांचे खड्डे उमटले होते. त्या थांबल्या. खड्डे भरायची वाट बघत राहिल्या. ते भरले नाहीत.

"हा हात कधीपासून असा आहे?" त्यांनी विचारलं.

"असा म्हणजे कसा?" भागाआत्या म्हणाली.

"आत्या, माझं आयुष्य गेलं हात धरण्यात. चरबीचा हात दाबला की परत येतो. हा येत नाही. हे पाणी आहे." त्यांनी ताईचा हात खाली ठेवला आणि टोपलीवर फडकं टाकलं. "मी भरणार नाही बांगड्या."

आईचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, असं काय करता? सुवासिनीच्या हिरव्या बांगड्यांना नाही म्हणायचं असतं का? उद्या बारसं आहे माझ्या घरी."

"साबण लावून भर," भागाआत्या कडक आवाजात म्हणाली. "जरा हात सुजला तर लागली डॉक्टरकी करायला. सत्तावन्न बाळंतिणी..."

"माझ्या भावजयीला मी साबण लावूनच भरल्या होत्या," जैनबमावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "तिचापण हात असाच होता. सगळे म्हणाले, बाळसं धरलंय. तिसऱ्या दिवशी ती गेली. मीच त्या बांगड्या कापडात धरून काढल्या. तिच्या हातातून निघत नव्हत्या." मग त्या ताईकडं वळल्या. "बेटा, डोकं दुखतं?"

ताईनं मान हलवली. नाही. मान हलवता हलवता तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं म्हणजे मी जिथं बसले होते त्याच्या वीतभर बाजूला.

मी उठले. आधी बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं. शपथ तुटायची असेल तर ती माझ्या हातात तुटायला नको, एवढंच मला सुचलं होतं. मग परकराच्या खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"चौथा दिवस, पाच. पाचवा, सहा. सहावा, नऊ. सातवा, चौदा. आठवा, तेवीस. नववा, एकतीस. दहावा, एकेचाळीस, पण त्याच्या पुढं मी मोजलंच नाही."

"काय बडबडतीय ही?" आई म्हणाली.

"खड्डा भरायला लागतात तेवढे आकडे. आई, तिचं डोकं परवाच्या आधीपासून दुखतंय. तिला सगळं दोन दोन दिसतं. काल तिला खिडकीत कुणीतरी दिसत होतं."

"प्रांजल," ताई म्हणाली. फक्त नाव. तिच्या तोंडून माझं नाव इतकं वाईट मी कधी ऐकलं नव्हतं.

जैनबमावशींनी माझ्या हातातला कागद घेतला. त्यांना वाचता येत होतं की नाही ठाऊक नाही. पण तो त्यांनी आईच्या हातात दिला, ताट बाजूला सरकवलं आणि दाराचा पडदा एका झटक्यात ओढून काढला. "गाडी बघा कुणाची तरी," त्या बाहेर ओरडल्या. त्या दुपारी त्या घरात मोठ्या आवाजात बोललेलं हे एकच वाक्य.

शेजारच्या अंकुशकाकांची गाडी होती. मागच्या सीटवर आई, ताई आणि भागाआत्या, पुढे पप्पा आणि मांडीवर बाळ घेऊन मी. पप्पांनी कपाटावरची फाइल घेतली होती. ती त्यांनी माझ्यापुढं धरली. मी पहिला कागद उलटला. वर सिस्टरचं सुबक अक्षर होतं आणि खाली तीन ओळींखाली दोन दोन रेघा मारल्या होत्या. मी मोठ्यानं वाचलं. "डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, अंगावर सूज. यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी यावे. गोळ्या बंद करू नयेत."



नाक्याच्या अलीकडं ताईला झटका आला. आधी तिची मान एका बाजूला वळली, मग सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं आणि मग ते थरथरायला लागलं. गाडीची सीट धडधड वाजत होती. तोंडातून फेस आणि रक्त. आई तिला धरून नुसती "स्नेहल, स्नेहल" म्हणत होती. मी मागं बघत होते आणि दोन्ही हातांनी बाळाचे डोळे झाकले होते. अकरा दिवसांच्या बाळाला काय दिसतं, पण मी झाकले होते.

दवाखान्यात तिला आत घेतलं. दारातच एक सिस्टर स्ट्रेचरवर वाकली, ताईच्या नडगीवर तिनं अंगठा रोवला, उचलला, आणि घड्याळाकडं बघायला लागली.

तो आमचा खेळ होता. दुसऱ्या कुणाला तो कसा माहीत?

"एकेचाळीसच्या पुढं जातो," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. आईच्या मुठीत चुरगळलेला कागद मी सोडवून घेतला आणि तिला दिला. तिनं तो डॉक्टरबाईंना दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"एवढं नीट रोजच्या रोज लिहिलंस, मग सातव्याच दिवशी का नाही आणलं हिला?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "तो खेळ होता."

त्यांनी तो कागद ताईच्या फाइलीला टाचणीनं लावला आणि आत गेल्या. रक्तदाब डोक्यात चढला होता. वाचेल की नाही ते उद्यापर्यंत सांगता येणार नाही, असं बाहेर येऊन त्यांनी पप्पांना सांगितलं. या वेळी पप्पांनी एकट्यानं ऐकलं नाही. आईला आणि भागाआत्याला जवळ बोलावलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "परत एकदा सांगा. यांना सांगा."

दोन दिवस ताई शुद्धीवर आली नाही. मला काचेतून बघू दिलं. ताई निपचित पडली होती आणि तिच्या छातीवरचा कपडा ओला होता. आठ दिवस रडून रडून जे येत नव्हतं, ते दूध आता आपोआप वाहत होतं, आणि बाळ बाहेर माझ्या मांडीवर चमच्यानं पावडरचं दूध पीत होतं. बारशाचा दिवस तिथंच उजाडला आणि मावळला. सासूबाई आल्या. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. त्या आईच्या शेजारी बाकावर बसल्या आणि बाळाची झबली धुवायला घेऊन गेल्या.

भागाआत्या कॉरिडॉरच्या टोकाला जमिनीवर बसून होती. चहा घेत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खुणेनं बोलावलं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि वाळलेल्या फांदीसारखा पाय माझ्यापुढं केला.

"दाखव कसं दाबायचं ते."

मी दाखवलं. तिच्या पायावर काहीच पडलं नाही, नुसतं हाड लागलं. मग तिनं माझा पाय ओढून घेतला, स्वतःचा अंगठा रोवून बघितला. पुन्हा. आणखी एकदा. मग हात तसाच माझ्या पायावर ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत बसली.

"वैरागची सुमन," ती म्हणाली. "एक माझ्या नणंदेची धाकटी. आणि पांगरीची एक होती, तिचं नाव पण आठवेना बघ."

"काय झालं त्यांचं?"

"बाळंतवात म्हणायचे तेव्हा. झटके येऊन जायच्या." तिनं अंगठा पुन्हा रोवला. "तिघींची तोंडं अशीच भरली होती. तिघींना मी म्हणाले होते, तूप लागलंय."

त्यानंतर सत्तावन्न हा आकडा तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

तिसऱ्या दिवशी ताईनं डोळे उघडले. तिचे ओठ हलत होते. सिस्टर म्हणाली, पाणी मागतेय, थोडं थोडं द्या. आई उठायच्या आत भागाआत्या उठली. तिनं पेला काठोकाठ भरला, एक हात ताईच्या मानेखाली घातला, आणि सगळं पाणी संपेपर्यंत तो पेला धरून उभी राहिली.

आता ताईची ती मुलगी चार वर्षांची आहे. ओवी तिचं नाव, आणि शपथ तुटून तिचं काही बिघडलेलं नाही, उलट घरात तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. ताई मधल्या काळात तीन वर्षं गोळ्यांवर होती, मग बरी झाली, आणि आता पुन्हा तिला सातवा महिना आहे. भागाआत्या गेल्या वर्षी गेली.

गेल्या रविवारी ताई ओटीभरणासाठी आली. आल्या आल्या खुर्चीत बसली, चपला काढल्या आणि काही न बोलता उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी राहिली. ओवी माझ्या खांद्यावरून वाकली. आमच्या घरात हा खेळ आता तिलाही येतो, फक्त ती एकनंतर थेट पाच म्हणते.

"दाब," ताई म्हणाली. ती हसत होती, पण खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला होता.

मी नडगीवर अंगठा रोवला, जोर लावला आणि उचलला.

"एक," मी म्हणाले.

"पाच," ओवी म्हणाली.

"दोन," मी म्हणाले. खळी तशीच होती. ती भरायची वाट मी बघितली नाही. ताईचा पाय हळूच खाली ठेवला, कपाटावरची फाइल काढली, आणि अंकुशकाकांना गाडी काढायला सांगायला बाहेर पडले.